सुवर्णपृष्ठावरील नील फॉस्फरीन : एक स्पष्टीकरण

जळगावच्या सराफ बाजारात सोने न गंजणारा, निष्क्रिय धातू म्हणून परिचित आहे. द्विमितीय फॉस्फरसच्या अभ्यासात मात्र हा परिचय अपुरा पडतो. नील फॉस्फरीनची सैद्धांतिक संकल्पना २०१४ मध्ये मांडली गेली. २०१६ मध्ये संशोधकांनी अतिनिर्वात कक्षात काळ्या फॉस्फरसची वाफ तापविलेल्या सुवर्णस्फटिकावर निक्षेपित केली. मिळालेला एकस्तरीय थर नील फॉस्फरीनच होय, असे मानले गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते हे नामकरण घाईचे होते. कारण पुढील संशोधनात त्या थरात सोन्याचे अणूही गुंफलेले आढळले. ज्या पृष्ठाने केवळ आधार द्यावयाचा, तेच रचनेचा घटक बनले होते. साहजिकच तेथे मोजलेले विद्युत गुणधर्म शुद्ध फॉस्फरीनचे मानता येत नाहीत.