दहापर्यंत

सकाळी ६.१०. भोसरी. चाकणच्या बसला गर्दी. मी ज्यांच्यासोबत निघालोय, त्या मॅडमच्या खांद्यावरच्या पिशवीतून गुंडाळलेले चार्ट पेपर डोकावताहेत. आत सहा मार्कर, चिकटपट्टी, डबा. मार्कर तीस रुपयांना एक. तो खर्च त्यांचाच. त्या समुपदेशक आहेत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आज सुपरवायझरांना शिकवायचंय : हाताखालच्या माणसाचं मन बिनसलं तर काय करायचं. दिवसाचे चार हजार, बिल पास व्हायला दीड महिना.

७.२५. गेटवर नोंद, पास, सेफ्टी शूज. वर्ग साडेआठला, पण मॅडम आधी प्रेस शॉपमध्ये जाऊन उभ्या राहतात. प्रेसचा ठोका पायातून छातीपर्यंत चढतो. शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. इथं ‘बरा आहेस ना’ हे विचारायचं कुठं उभं राहून, ते त्या बघून घेतात.

८.३०. अठरा खुर्च्या, तेरा माणसं. पाचजण ब्रेकडाऊनमध्ये अडकलेत. पहिलंच वाक्य येतं, “मॅडम, आमच्या लाईनला वेडं कोणी नाही.”

“गेल्या महिन्यात कोणाचा डबा न उघडता परत गेला?”

शांतता. मग एक हात वर. दुसरा म्हणतो, सोमवारची दांडी. तिसरा, सारखी उचल मागणं. चांगल्या कामगाराचं अचानक वाढलेलं रिजेक्शन. अर्ध्या तासात कागद भरतो. या माणसांना सगळं दिसतं. बोलायचं कसं, तेवढं कोणी शिकवलेलं नाही.

९.३०. जोड्या. एक सुपरवायझर, एक कामगार झालेला. पन्नाशीचे एक दादा सुरू होतात, “काय रे, तोंड का पाडलंस? घरी भांडण? होतं असं. सकाळी योगा कर.” सगळं एका दमात.

“दादा, त्याला बोलू द्या की,” मॅडम म्हणतात. “दिसलं तेवढंच सांगा. मग गप्प. मनात दहापर्यंत मोजा.”

पुन्हा. “दोन दिवस बघतोय, तू जेवत नाहीस. काय झालंय?” गप्प. चौथ्या आकड्याला दादांचा हात खिशातल्या पेनाकडे जातो. सहाव्याला खुर्ची करकरते. सातव्याला ओठ हलतात. मॅडम नुसता तळहात दाखवतात. नवव्याला समोरचा म्हणतो, “झोप लागत नाही, साहेब.” ते नाटकातलं होतं की खरं, कोणी विचारलं नाही.

१०.४०. जड भाग. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं ते कोणाच्या डोक्यात शिरत नाही. ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही. सगळे तिथंच मोबाईलमध्ये घालतात. आजाराचं नाव आपण ठेवायचं नाही. ऐकलेलं टपरीवर न्यायचं नाही. कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर पोलीस केसचं काय, एकजण विचारतो. मानसिक आरोग्यावरचा २०१७चा कायदा सांगतो : उलट सिद्ध झालं नाही, तर तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही.

११.३०. “ऐकून घेतलं, सुट्टीही दिली. मग प्रेसवर उभं कोण राहणार?”

मॅडमकडे याला उत्तर नाही. त्या हा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहितात आणि कागद एचआरच्या हातात देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा प्रशिक्षणाची शिफारस केली, तेव्हा कामाची रचना बदलायलाही सांगितलं होतं. माझ्या मते दिवसभरातला सगळ्यात मोलाचा कागद हाच.

१२.४५. कँटीन. दादा ताट घेऊन समोर बसतात. “मीच पाच तास झोपतो, मॅडम. रात्री लाईन थांबली की फोन मला.” मॅडमचा घास हातात राहतो. त्या काहीच बोलत नाहीत. मी मोजू लागलो. दहाच्या बरंच पुढं गेलो. मग दादा बोलत राहिले, भाजी गार झाली.

३.२०. शिफ्ट बदलते. बाहेर पाण्याच्या कूलरपाशी, जिथं ठोका कमी ऐकू येतो, दादांनी एका पोराला थांबवलंय. पोरगं खाली बघतंय. दादा गप्प उभे. थोड्या वेळानं ते खिशातून रविवारच्या ओव्हरटाइमची, म्हणजे ओटीची, यादी काढतात, काहीतरी विचारतात. ओटीला दुप्पट पगार. पोरगं थांबतं, मग मान हलवतं. दादा एक नाव खोडतात. शेजारी दुसरं लिहायचंय. पेन कागदावर टेकलेलं, आणि दादा आत शिरणाऱ्या दुसऱ्या शिफ्टचे चेहरे बघताहेत.