तक्रारीची भाषा : इंग्रजी आणि रशियन



तक्रार कशी मांडावी हे सांगण्यातच माझी पंचवीस-तीस वर्षे गेली. कामगार संघटनेच्या कचेरीत येणारा माणूस आधी कळवळून बोलतो आणि मग अर्ज लिहितो. कळवळा आणि अर्ज यांत जे अंतर आहे, तेच शब्दांतही असते. म्हणून दोन परक्या भाषांतले तक्रारीचे शब्द आज तुमच्यापुढे ठेवतो.

इंग्रजीतल्या 'कम्प्लेन' या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. त्याचा अर्थ शोकाने छाती बडविणे. रशियनमध्ये तक्रारीला 'झालोबा' म्हणतात आणि त्याचे नाते 'झाल्' म्हणजे कीव, हळहळ या शब्दाशी आहे. जुन्या रशियात झारकडे जाणाऱ्या अर्जाला 'चेलोबित्नाया' म्हणत, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून केलेली विनवणी. एकाने छाती बडवायची, दुसऱ्याने कपाळ आपटायचे. मार खायचा तो गाऱ्हाणे सांगणाऱ्यानेच!

याच कुळातला आणखी एक शब्द पाहा. पगाराला रशियनमध्ये जुना शब्द 'झालोवान्ये'. 'झालोवात्' म्हणजे मेहेरबानीने देणे. म्हणजे पगार ही धन्याची कृपा! आजचा रोजचा शब्द मात्र 'झारप्लाता' : कमावलेला मोबदला. कृपेसाठी हात जोडावे लागतात. कमाईचा हिशेब मागता येतो.

आता रोजचे बोलणे घेऊ. बिलात चूक निघाली की इंग्रज माणूस 'आय अॅम अफ्रेड' अशी सुरुवात करतो. शब्दशः अर्थ 'मला भीती वाटते', पण तो मुळीच घाबरलेला नसतो. ती रीत आहे. अशा वेळी रशियन माणूस 'इज्विनीत्ये', म्हणजे 'माफ करा', एवढे म्हणून सरळ चूक दाखवू शकतो. इंग्रजी 'धिस वोन्ट डू' याला जोड आहे 'ताक द्येला न्ये पायद्योत' : असे काम चालायचे नाही. संताप झाला की इंग्रजीत 'इट्स अ डिसग्रेस', रशियनमध्ये 'बेझोब्राझिये'. कंटाळा आला की इंग्रज 'फेड अप' होतो, रशियन 'सित् पा गोर्ला', म्हणजे घशापर्यंत पोट भरलेला. आपणही 'गळ्याशी आले' म्हणतोच की! आणि खुशाली विचारली तर इंग्रज म्हणतो 'कान्ट कम्प्लेन', तक्रार करता येत नाही. रशियन म्हणतो 'ग्रेख झालोवात्सा', तक्रार करणे पाप ठरेल.

दोन्हीकडे डॉक्टरही याच शब्दाने दुखणे विचारतो. 'ना श्तो झालुयेत्येस्?' म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे? इंग्रजीतही 'कम्प्लेन्ट'चा एक अर्थ आजार असाच आहे.

लेखी तक्रारीला 'लॉज अ कम्प्लेन्ट', रशियनमध्ये 'पदात् झालोबू'. सोव्हिएत काळात दुकानांतून 'तक्रारी व सूचनांची वही' ठेवलेली असे. पण वही ठेवली म्हणजे दाद लागली असे नव्हे. चेखॉव्हने 1884 साली रेल्वे स्टेशनवरच्या तक्रारवहीवर एक गोष्ट लिहिली; त्या वहीत लोकांनी नाही नाही ते खरडलेले आहे.

शब्द बदलतो तो माणसे बदलली म्हणजे. 22 जानेवारी 1905 रोजी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे 9 जानेवारी) पीटर्सबर्गचे कामगार झारकडे अर्ज घेऊन निघाले. त्यात आठ तासांच्या दिवसाची मागणी होती. उत्तर मिळाले ते गोळ्यांचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात देशभर संप झाला. विनवणीची जागा 'त्रेबोवानिये'ने, म्हणजे मागणीने, घेतली.

इंग्रजीत 'ग्रीव्हन्स' असाही शब्द आहे. त्याच्या मुळाशी 'जड' हा अर्थ आहे. मला हा शब्द अधिक पसंत आहे. रडणे मोजता येत नाही, ओझे मोजता येते : किती तास, किती रुपये, कोणत्या तारखेपासून. तक्रार लिहाल तेव्हा ओझे लिहा, आणि ते कोणी उतरवायचे तेही लिहा.