अपोलोचं रीळ, मराठीत

संपादकांनी पाठवलं होतं औंढा नागनाथला. हिंगोली जिल्ह्यात, दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. काटकोनात 4-4 किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल 2023 मध्ये केंद्राने मंजूर केलेले 2600 कोटी, आणि कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या लहरी टिपायची तयारी. तो लेख व्हायचा तेव्हा होईल. नांदेडला उतरले आणि ज्यांच्याकडे मुक्काम होता ते म्हणाले, ''अवकाशावर लिहायलाव तर मामांचं मशीन बघूनच जा.'' गेले, आणि तिथेच अडकले.

आकाशाचं या भागाला तसं वावडं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून प्रचंड फुगे सोडते. त्यांची उपकरणं छत्रीला लटकत कधी इकडच्या रानातही उतरतात आणि 'हात लावू नका, पोलिसांना कळवा' अशी निवेदनं पेपरात येतात. 1979 च्या जुलैत 'स्कायलॅब आपल्यावरच पडणार' म्हणून गावंच्या गावं धास्तावली होती. ते पडलं हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या माळावर. पण हे सगळं वरून येणारं. वर काय चाललंय ते हलत्या चित्रात पाहायचं, तर मराठवाड्यात बरीच वर्षं एकच सोय होती: पाराजवळ बांधलेला पडदा आणि प्रचाराची गाडी.

सरकारी इतिहास थोडक्यात उरकते. फिल्म्स डिव्हिजन 1948 ची. थेटरात मुख्य सिनेमाआधी तिचा माहितीपट दाखवणं परवान्याच्या अटीतच होतं. जिथे थेटर नव्हतं तिथे क्षेत्रीय प्रचाराच्या गाड्या जात. जीप, जनरेटर, 16 मिलिमीटरचं प्रोजेक्टर आणि कुटुंब नियोजनाची रिळं. अमेरिकेच्या माहिती खात्याने अपोलो मोहिमांचे माहितीपट जगभर वाटले, ते अशा वाटांनी खाली झिरपले. 1975-76 मध्ये 'साइट' प्रयोगात उपग्रहावरून 2400 खेड्यांना टीव्ही दिसला. त्यात शेजारचे गुलबर्गा, रायचूर, विजापूर होते, मराठवाडा नव्हता. 1984 च्या सुमारास देशभर टीव्हीची छोटी प्रक्षेपण केंद्रं झाली. मग कार्ल सेगनचा 13 भागांचा 'कॉसमॉस' आला, पुढे गिरीश कार्नाड आणि यशपालांचा 'टर्निंग पॉइंट' आला, आणि गाडीच्या पडद्याला कोणी विचारेना.

मामा त्या गाडीवर ऑपरेटर होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. नाव छापायचं नाही ही त्यांची अट, म्हणून सगळा मोहल्ला म्हणतो तसं मीही मामाच म्हणते. मशीन त्यांनी निवृत्तीनंतर भंगारवाल्याकडून घेतलं. बेल अँड हॉवेल, हिरवट पेटी, झाकणाला कुलपाऐवजी बुटाची नाडी. सोबत 1 रीळ: अपोलो 11 ची मोहीम, रंगीत, इंग्रजी निवेदनाचं. एका कॉलेजच्या कपाटातून रद्दीत निघालं होतं. त्यांनी आयुष्यभर जे दाखवलं, तेच निघालं.

फिल्म भरताना मामा बोलत नाहीत. वरच्या चकतीतून पट्टी खाली, दात्यांच्या चाकावर, मग गेटच्या वर एक सैल वळसा, गेटच्या खाली दुसरा. हे दोन वळसे म्हणजे लूप. सगळी गंमत त्यांच्यात आहे. चाकं अखंड फिरत असतात, पण गेटमध्ये फिल्म सरकत नाही, थांबते. पोलादी पंजा भोकात दात घालतो, एक चित्र खाली ओढतो, सोडतो, परत वर जातो. सेकंदाला 24 वेळा. ओढाओढ चालू असताना पातं उजेड अडवतं, आणि थांबलेलं प्रत्येक चित्र पडद्यावर निदान दोनदा लखलखतं. अखंड फिरणं आणि झटक्याने थांबणं यांच्यामधला ताण तो सैल वळसा पोटात घेतो. लूप गेला की चित्र थरथरतं आणि भोकं फाटतात. पुढे फिल्म आवाजाच्या डमरूवरून जाते. तिथे छोटा दिवा तिच्या कडेच्या पट्टीतून प्रकाश पाडतो. आवाज चित्राच्या 26 चौकटी पुढे छापलेला असतो, कारण चित्राला थांबावं लागतं आणि आवाजाला थांबून चालत नाही. मामांनी हे मला बोटाने दाखवलं, एकेक चौकट मोजत, सव्विसापर्यंत. मी दहानंतर पटलं असं म्हटलं होतं.

''चंद्रावर जी गेली ती याच मापाची फिल्म, ताई,'' मामा म्हणाले. ते खरं आहे. यानाच्या खिडकीत लावलेला कॅमेरा 16 मिलिमीटरचा होता. टीव्हीवर जगाने पाहिल्या त्या करड्या सावल्या; उतरतानाचे खड्डे, उडालेली धूळ हे सगळं मात्र डबीत बंद होऊन घरी आलं.

मग त्यांनी दिवा लावला आणि आवाजाची कळ बंद केली.

इंग्रजी कोणाला कळत होतं? गाडीवर माइक होता. पहिल्या एक-दोन गावांत मास्तरांनी समजावून सांगितलं, पुढे मामाच सांगू लागले, आणि वर्षानुवर्षं सांगत राहिले. त्या संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत, भिंतीवर दोन हात रुंद चौकोनात रॉकेट उभं राहिलं आणि मामांचा आवाज बदलला. ''बघा मंडळी, हे आहे छत्तीस मजली. एवढं सगळं जळून जातंय, परत येतंय ते टोकाचं टोपण. नांदेडहून मुंबई सहाशे किलोमीटर, तशा सहाशे चाळीस खेपा केल्या की चंद्र येतोय. आणि वाटेत एक धाबा नाही!'' मी मनातल्या मनात भागाकार केला. बरोबर होता.

1972 च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावरच्या तळावर त्यांनी हाच माहितीपट दाखवला होता. चंद्रावर पाऊस पडतो का, असं एका बाईने विचारलं. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ''मग आपल्यासारखंच की.'' तेव्हापासून धुळीत उमटलेला बुटाचा ठसा आला की मामा तिचं वाक्य म्हणतात. माहितीपट नासाचा, पण ती चौकट त्या बाईची झाली.

जुन्या अवकाशपटांकडे लोक का परततात, याची नेहमीची उत्तरं मला पटत नाहीत. स्मरणरंजन म्हणावं, तर माझ्या ओळखीची विशीतली मुलंही ते रात्र-रात्र बघतात. त्यातली माहिती तर शिळी झालेली. मरिनर 4 ने जुलै 1965 मध्ये मंगळाचे फोटो पाठवले आणि खड्डेच खड्डे दिसले. त्याआधीच्या, 1957 च्या डिस्नेच्या 'मार्स अँड बियॉन्ड'मध्ये मंगळावर चित्रविचित्र जीवसृष्टी फुललेली आहे. माझा आवडता आहे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा 'युनिव्हर्स', 1960 चा, रोमन क्रॉयटर आणि कॉलिन लो यांचा, अर्ध्या तासाच्या आतला, कृष्णधवल. टोरंटोजवळच्या वेधशाळेत एक शास्त्रज्ञ संध्याकाळी कामावर येतो, दुर्बीण लावतो, आणि तिथून आपण ग्रहांपलीकडे निघतो. सगळे ग्रह हाताने घडवलेले. कुब्रिकने तो पाहून त्यातल्या वॉली जेंटलमन यांना आपल्या '2001' या सिनेमाच्या कामावर घेतलं आणि निवेदक डग्लस रेनचा आवाज हॅल या संगणकाला दिला. चार्ल्स आणि रे इम्स यांचा 1977 चा 'पॉवर्स ऑफ टेन' शिकागोच्या तळ्याकाठच्या सहलीपासून दर टप्प्याला दहापट लांब जातो. हेच ते जोडपं, ज्यांनी 1958 मध्ये भारत सरकारसाठी केलेल्या अहवालात आपल्या लोट्यावर पानभर प्रेमाने लिहिलं.

या सगळ्यांत कोणीतरी माणूस शेजारी बसून समजावतोय, हे जाणवतं. तो घाई करत नाही आणि त्यालाही सगळं ठाऊक नसतं. आजच्या संगणकी तेजोमेघांत मला हे सापडत नाही. तिथे सगळंच लखलखीत आणि कोणीच शेजारी नाही. मामांच्या भिंतीवर तर तो माणूस अक्षरशः शेजारी उभा होता, हातात माइक नसतानाही मूठ तोंडाशी धरून.

आता अडचणी. त्या पुष्कळ आहेत.

पहिली, चंद्र गुलाबी झालाय. त्या काळच्या रंगीत फिल्मचा निळसर रंग आधी विरतो आणि उरतो तांबूस. पृथ्वी चंद्रामागून उगवते तेव्हा मामा अजूनही ''निळीशार'' म्हणतात. भिंतीवर दिसतं ते डाळिंबी काहीतरी. कृष्णधवल फिल्मला हा रोग नाही, पण तिच्यातल्या चांदीसाठी ती किलोवर विकली गेली.

दुसरी, वास. डबी उघडली की व्हिनेगरचा भपकारा येतो. ॲसिटेटची फिल्म उष्णतेने, दमटपणाने कुजते, आम्ल सोडते, आणि ते आम्ल तिलाच आणखी कुजवतं. नांदेडच्या मे महिन्यात पारा 42-43 च्या घरात, आणि डबी पत्र्याच्या खोलीत. कुजताना फिल्म आक्रसते. 1 टक्का आक्रसली तरी पंज्याचा दात भोकात नीट बसत नाही. मी होते तेव्हा दोनदा अडकली. अडकलेली चौकट दिव्यापुढे राहिली की वितळते: आर्मस्ट्राँगच्या शिडीवर एक तपकिरी फोड आला आणि फुगत गेला. मामांनी झडप घालून दिवा मालवला. कात्री, चिकटपट्टी, 3 चौकटी कमी. पन्नास वर्षांत असा किती चंद्र कापला असेल, असं विचारल्यावर ते हसले.

कोणी म्हणेल, चित्राची काळजी कशाला? ते खरंच आहे. नासाचे माहितीपट सार्वजनिक मालकीचे, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अपोलोची मूळ रिळं थंड खोलीत आहेत, आणि त्यांतूनच 2019 मध्ये 'अपोलो 11' हा नवा झळझळीत माहितीपट निघाला. 'युनिव्हर्स' फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयापुढे आधीच डब्यांचे डोंगर आहेत. तिथे मी नांदेडचं गुलाबी रीळ कुठल्या तोंडाने नेऊ?

जे दुसरीकडे कुठेच नाही ते मामांचं निवेदन, आणि ते कशावरच छापलेलं नाही. मी सुचवलं, नुसतं बोला, मोबाइलवर घेते. बसले, खाकरले, ''बघा मंडळी'' म्हणाले आणि थांबले. पुढचं येईना. त्यांचं वाक्य चित्राला बांधलेलं आहे, आणि चित्रही हेच, या कापाकापीसह. लॅपटॉपवर स्वच्छ प्रत लावून पाहिली. तिथे दृश्यं त्यांच्या अंदाजाआधी किंवा नंतर येत होती. सूर चुकलेल्या भजनी बुवासारखे ते कावले. मग रीळ लावून ध्वनिमुद्रण केलं, तर पंज्याच्या खटखटीत निम्मे शब्द बुडाले. मशीन खिडकीबाहेर ठेवून पाहिलं. तेव्हा मामांनी खरी अडचण सांगितली. ''ताई, मंडळी म्हणतोय मी, पण मंडळी कुठंय? वीस-पंचवीस तरी माणसं बसवा. कोणी विचारल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.''

वीस-पंचवीस माणसं, तीही अंधारात, अर्धा तास! लातूरला एका शिकवणीवर्गाच्या चालकांना विचारलं. वसतिगृहात शेकडो मुलं, गच्ची मोकळी, पडद्याला पांढरी भिंत. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, हे 'नीट' परीक्षेला येतं का? गुरुत्वाकर्षणाचा धडा आहे की, मी म्हटलं. त्यांना ते पटलं असावं, कारण तारीख मिळाली. पण नीटच्या आधी मुलांना सोडणार नाहीत आणि परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे खेळ ऐन मेमध्ये. त्या उन्हात डबी गाडीत घालून नांदेडहून लातूरला न्यायला मामा तयार नाहीत. दिवाळीनंतर करू म्हणतात. दिवाळीनंतर वर्गवाल्यांना अभ्यासक्रम संपवायचा असतो. सध्या मी थंडगार डबे वाहणारी आइस्क्रीमवाल्याची गाडी मिळते का ते बघते आहे.