अर्धांगवायूनंतरचे पहिले दिवस

घरातील कर्ता पुरुष सकाळी उठावयास जातो, तो उजवा हात व पाय लुळा पडलेला. बोलू पाहतो, तर शब्द उमटत नाही. रुग्णालयात प्राणावरचे संकट टळले, की आप्तेष्ट म्हणतात, "आता पूर्ण विश्रांती, घरी गेल्यावर मालिश करू." ही समजूत सोडून द्यावयास हवी.

मेंदूचा जो भाग रक्ताअभावी मृत झाला, तो पुन्हा सजीव होत नाही. परंतु उरलेला मेंदू सरावाने गेलेल्या कामांपैकी काही स्वतःकडे घेऊ शकतो. हे शिक्षण रुग्णशय्येवरच सुरू होते, आणि त्याचे शिक्षक तिघे.

पहिला फिजिओथेरपिस्ट. कूस बदलणे, तोल सांभाळून बसणे, उभे राहणे, पाऊल टाकणे, हा त्याचा पाठ. स्नायू सैल पडल्यामुळे लुळ्या हाताच्या भारानेच खांद्याचा सांधा खाली ओढला जातो. म्हणून तो हाताखाली उशी ठेवतो आणि तो हात ओढून रुग्णाला उठवू नका, असे बजावतो.

दुसरा ऑक्युपेशनल थेरपिस्ट. घास उचलणे, केस विंचरणे, सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत सारणे, अशा नित्यकर्मांतून तो रुग्णाला स्वावलंबन शिकवितो. या विद्येची आपल्या देशातील पहिली शाळा श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काढली.

तिसरा वाचोपचारतज्ज्ञ. १८६१ साली पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत, मृत्यूनंतर, डाव्या बाजूस पुढे विकृती दाखवून दिली. उजवे अंग डाव्या मेंदूच्या ताब्यात असते. म्हणून ते लुळे पडताना पुष्कळदा वाचाही जाते. पण हा तज्ज्ञ केवळ वाचा शिकवीत नाही, तो गिळण्याचीही परीक्षा करतो. गिळणे बिघडले असता पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. परीक्षा होईपर्यंत तीर्थाचा चमचाही मायेपोटी देऊ नये.

मग लवकर म्हणजे किती लवकर? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच देशांतील ५६ रुग्णालयांतले २१०४ रुग्ण होते. ज्यांना २४ तासांच्या आत वारंवार व अधिक वेळ उठविले, त्यांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते. नेहमीच्या शुश्रूषेतील ५० टक्के. तात्पर्य, आरंभ लवकर करावा, पण पहिल्या दिवशी अतिरेक नसावा. किती उठवावयाचे, ते वैद्य व उपचारतज्ज्ञ यांनी ठरवावे.

घरच्यांचे काम याहून निराळे, पण तितकेच मोलाचे. उपचारतज्ज्ञ दिवसातून थोडा वेळच येतो; उरलेला दिवस तुमच्या हाती असतो. त्याने दाखविलेली रीत समोर उभे राहून शिकून घ्या. आणि वाचा गेली म्हणजे समज गेली, असे मानू नका. खाटेपाशी उभे राहून जे बोलाल, ते रुग्ण ऐकत असेल, हे ध्यानी ठेवूनच बोला.