उजेड दिसला की घट्ट होणारा डिंक!

मुलांनो, एक कोडं घालतो. अंधारात पातळ राहतो आणि उजेड पडला की काही सेकंदांत कडक होतो, असा डिंक कोणता?

आपला नेहमीचा पांढरा डिंक वाळतो, कारण त्यातलं पाणी उडून जातं. पण दोन काचांच्या मध्ये तो लावला तर पाणी जाणार कुठून? म्हणून काचेसाठी हा प्रकाशाचा डिंक निघाला. त्यात सुट्या रेणूंची गर्दी असते आणि सोबत असतो एक शिट्टी वाजवणारा पदार्थ. अतिनील किरण पडले की तो शिट्टी वाजवतो आणि रेणू भराभर हात धरून साखळ्या करतात, अगदी तुमच्या कवायतीसारख्या! दातांचे डॉक्टर निळा दिवा धरून दात भरतात ना, तीच ही युक्ती.

पण असे डिंक अनेक. निवडायचा कसा? तीन प्रश्न विचारायचे.

१) उजेड आत पोचेल का? खिडकीच्या साध्या काचेतून यासाठी लागणारे अतिनील किरण बरेचसे जातात. मोटारीची पुढची काच मात्र वेगळी. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. काच फुटली तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात, डोळ्यांत उडत नाहीत. पण हा पडदा अतिनील किरणही अडवतो! अशा काचेआडून चिकटवायचं, तर दिसणाऱ्या जांभळ्या उजेडात घट्ट होणारा डिंक हवा.

२) काचा एकाच जातीच्या आहेत का? तापल्यावर खिडकीची काच प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राच्या काचेपेक्षा अडीच पटींहून जास्त प्रसरण पावते. अशा दोघींमध्ये डिंक थोडा लवचीक हवा, नाहीतर जोड सुटतो.

३) पाणी लागणार का? माशांच्या टाकीला हा डिंक नको, तिथे सिलिकॉनच बरं.

आता आपल्या धावड्याचं बघा. इथून अजिंठ्याकडे जाताना चाकाखालचा खडा उडून एखाद्या गाडीच्या काचेवर बारीक टवका उडतो. कारागीर त्यातली हवा पंपानं ओढून घेतो, पातळ डिंक भरतो आणि वर दिवा धरतो. पातळच का? दाट डिंक भेगेच्या टोकापर्यंत जात नाही. आणि हे काम सावलीतच करायचं बरं का! आपल्या उन्हातही अतिनील किरण असतात, डिंक अर्ध्या वाटेतच घट्ट होईल. भेग लांब असेल किंवा चालकाच्या नजरेसमोर असेल, तर मात्र काच बदललेलीच बरी. तिथे जिवाशी गाठ असते.

या दिव्याकडे कधी टक लावून बघू नका, डोळ्यांना इजा होते. ओल्या डिंकाला बोट लावू नका, त्वचेला खाज सुटते.

भरलेला टवका दिसेनासा का होतो? घरी बघा. रंग नसलेली काचेची गोटी आधी पाण्यात, मग पुसून गोडेतेलात बुडवा. तेलात तिची कड पुसट होते! प्रकाश काचेत जितका वाकतो, जवळजवळ तितकाच तेलात वाकतो. चांगला डिंकही अगदी तसाच निवडतात.