चार दिवस, पंधरा मिनिटं

डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४६ विद्यार्थी, लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लेखन. काहींनी पायातल्या बुटांसारख्या किरकोळ गोष्टींचं वर्णन केलं, बाकीच्यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा घाव कागदावर उतरवला.

लिहून मन हलकं झालं? छे! लगेच तरी उलटंच. घाव लिहिणारे अधिक उदास झाले, रक्तदाबही चढला.

गंमत पुढे आहे. नंतरच्या सहा महिन्यांत, घाव लिहिणाऱ्यांपैकी घटना आणि भावना दोन्ही मांडणाऱ्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. अर्थात हा रामबाण उपाय नव्हे: २००६ मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा फायदा दिसला, पण बेताचाच.