मशीन ठेवायचं तर टाकी रिकामी करून

जोयडा तालुक्यात कुंभारवाड्याच्या आसपास, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला लागून असलेल्या शेताबागांत दोन छोटी पेट्रोल इंजिनं बऱ्याच कामाची आहेत. एक गवत कापायच्या मशीनचं आणि दुसरं सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारायच्या पंपाचं. दोन्ही वर्षातले थोडे दिवस राबतात आणि उरलेले महिने पडून राहतात. फवारणीचा पंप तर मृगाच्या आधी एकदा आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा, एवढाच बाहेर निघतो. मशीन बिघडलं की आपण दोष देतो तो कामाला: फार चालवलं, दगडावर आपटलं, कुणीतरी भलतंच ऑइल घातलं. पण छोटं इंजिन चालून जेवढं बिघडतं, त्याहून जास्त पडून बिघडतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल असतं. म्हणून मशीन ठेवताना टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही कोरडे करणं ही जास्तीची किंवा सोयीची बाब नाही. देखभालीत ते काम सगळ्यात आधी येतं.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून हलक्या-जड अनेक द्रवांचं ते मिश्रण आहे. थंड इंजिन पेटतं ते त्यातल्या हलक्या भागाच्या जोरावर, आणि टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून पहिल्यांदा उडून जातो तोही हाच भाग. मागे राहिलेलं पेट्रोल हवेतल्या प्राणवायूने हळूहळू चिकट होत जातं. कार्बोरेटरच्या जेटचं छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. त्यात हा पिवळसर डिंक बसला की दोरी कितीही ओढा, इंजिन पेटत नाही. पेटलं तरी चोक लावलेला असेपर्यंतच चालतं आणि चोक काढला की बंद पडतं. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. त्याचं प्रमाण जास्त असेल तर पाणी विरघळूनही जास्त राहतं, ते लगेच वेगळं होऊन तळाशी बसत नाही, हे खरं. पण विरघळलेलं पाणीसुद्धा महिनोन्‌महिने कार्बोरेटरच्या धातूला लागून राहिलं तर पांढरट बुरशीसारखा थर धरतो, आणि जुन्या मशीनच्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा भेगाळतात. अणशी-कुंभारवाड्याच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते, तिथे हा धोका कोरड्या प्रदेशापेक्षा कितीतरी मोठा.

इथे पहिला आक्षेप येतो तो कंपनीच्या पुस्तिकेचा. काही पुस्तिका सांगतात की टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत हवा राहणार नाही आणि गंज धरणार नाही. हा सल्ला खोटा नाही, पण तो कुठून आला ते पाहायला हवं. अमेरिकेत, कॅनडात अशाच छोट्या इंजिनावर अंगणातलं बर्फ उडवायचं मशीन चालतं. तिकडे राहणारी मराठी कुटुंबंही वसंत आला की ते गॅरेजमध्ये ठेवून देतात. तिथे टाकी भरून ठेवायची तर पेट्रोल टिकवणारं रसायन त्यात घालतात, आणि छोट्या इंजिनांचे तिथले उत्पादक १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल चालवूच नका म्हणतात. आपल्याकडे इथेनॉल दुप्पट, रसायन खेड्यातल्या दुकानात सहसा मिळत नाही, आणि आजकालच्या बऱ्याच मशीनच्या टाक्या प्लास्टिकच्या, म्हणजे गंजाचा प्रश्नच नाही. शिवाय भरलेली टाकी घरात ठेवायची म्हणजे आग घरात ठेवायची. पत्र्याची टाकी असेल तर रिकामी करून आतून ऑइलचा हात फिरवला की काम भागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गवत कापायच्या मशीनच्या कार्बोरेटरमध्ये पातळ पडदा असतो, तो कोरडा ठेवला तर ताठर होतो, असं अनेक मेकॅनिक सांगतात. वर्षानुवर्षं कोरडा राहिलेला पडदा ताठर होतो यात शंका नाही. पण स्टिलसारखी ही मशीनं बनवणारी कंपनीच आपल्या पुस्तिकेत सांगते की तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा, नाहीतर पडदे एकमेकांना चिकटतात. पडदा बदलणं स्वस्त आहे, डिंक बसलेला अख्खा कार्बोरेटर बदलणं महाग. टू-स्ट्रोक मशीनला लागणारं टूटी ऑइल मिसळलेलं पेट्रोल तर एका महिन्यापेक्षा जास्त ठेवूच नये. लिटरला २० मिली ऑइल, म्हणजे पन्नासास एक, हे प्रमाण बहुतेक मशीनना चालतं. मिसळायचं ते त्या दिवसाच्या कामापुरतंच.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू केलं की भागतं, असाही समज आहे. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. जळताना तयार होणारी वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन राहते. गंज टाळायला म्हणून केलेली गोष्ट गंजच आणते.

आता प्रत्यक्ष काम. मशीन पूर्ण थंड झाल्यावर, उघड्यावर, विडी-चूल-दिवा यांपासून लांब टाकी उपसायची. उरलेल्या थेंबांवर इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, तेही उघड्यावरच, कारण बंद खोलीतल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि माणूस गुंगीतच जातो. मग प्लगची टोपी काढून बाजूला बांधायची, प्लग काढायचा, छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि दोरी दोन-तीनदा सावकाश ओढायची. झटका द्यायचा नाही, टोपी छिद्राजवळ आणायची नाही, कारण तिथली ठिणगी आतली वाफ पेटवू शकते. प्लग परत बसवून दोरी जिथे जड लागते तिथेच सोडायची. फोर-स्ट्रोक इंजिनात तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ओली हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. फोर-स्ट्रोकचं जुनं ऑइलही तेव्हाच बदलावं, कारण काळं ऑइल आम्लयुक्त असतं. फवारणीचा पंप असेल तर आधी स्वच्छ पाणी भरपूर फिरवायचं. शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना असं हे मिश्रण पंपाच्या धातूत राहिलं तर धातू खाऊन टाकतं.

ठेवायचं कुठे? इथे एक आक्षेप अगदी घरगुती आहे: घरातली सगळ्यात कोरडी जागा म्हणजे चुलीवरचा माळा. बी-बियाणं, सुपारी तिथेच टिकते, मग मशीन का नको? कारण रिकाम्या टाकीतसुद्धा पेट्रोलची वाफ उरते, आणि हवेत मिसळलेली ती वाफ भरलेल्या टाकीतल्या द्रवापेक्षा लवकर भडकते. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, म्हणजे माळ्यावरून ती खाली उतरणार ती थेट जाळाकडे. ओलाव्याला घाबरून हे संकट ओढवून घेऊ नये. वारा खेळणाऱ्या पडवीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर न टेकवता फळीवर, गोणपाट किंवा जुनं सुती कापड टाकून मशीन ठेवावं. प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर ओल आतच कोंडते.

उपसलेलं पेट्रोल ताजं आणि ऑइल न मिसळलेलं असेल तर मोटारसायकलीत चालतं. ओढ्यात ओतू नये, इथले ओढे काळी नदीलाच मिळतात. लांबच्या पंपावरून एकदम आणून ठेवण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने परवान्याशिवाय ३० लिटरच ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात: धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर लिटरपेक्षा मोठं नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांना त्यात जागा नाही. तहानलेल्या मुलाच्या हाती ती बाटली लागू शकते, एवढं कारणही पुरेसं आहे.

एवढा खटाटोप कशाला, मे महिन्यात मेकॅनिक आहेच, असं कुणी म्हणेल. पण मे महिन्यात सगळ्यांचीच मशीनं त्याच्याकडे जातात आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. म्हैसूरचे शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास सुपारीवरच्या कोळेरोगाचा अभ्यास करून बोर्डो मिश्रणाचा उपाय रूढ केला, तेव्हापासून या फवारणीचं यश वेळेवर अवलंबून आहे. घोसावर मिश्रण बसून वाळायला उघडीप लागते, आणि दुसऱ्या फवारणीच्या वेळी, ऐन पावसात, ती दोन-चार दिवसांचीच मिळते. त्या दिवशी जेट साफ करत बसलं तर सुपारी गळायला लागते. म्हणून मे उजाडताच नवं पेट्रोल थोडंसंच घालून, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का ते पाहून, नळी आणि प्लग तपासून पंप एकदा साध्या पाण्यावर चालवून बघावा. बिघाड असलाच तर तो तेव्हा कळतो आणि दुरुस्तीला हाताशी दिवस असतात.